मास्तरांनी वरून पाहिलेली रत्नागिरी

“हल्ली शाईत पाणी घालतात मेले. अक्षर बघा, नुसतं पुसट. माणसानं वाचायचं काय, कोरा कागद?”

पडद्यापलीकडून आलेली नवऱ्याची ही कुरकुर राहीने ऐकली आणि विळीवरचा तिचा हात थांबला. गंगाराम मास्तर खिडकीशी पेपर नाकाला लावून बसले होते. नाकाला लावून म्हणजे अगदी नाकालाच. वाचून झालं की त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर शाईचा ठिपका असायचा. शाईत पाणी असतं तर तो ठिपका उमटला नसता, पण राहीने हे कधी बोलून दाखवलं नाही.

शाईच्या आधी दोष बल्बचा होता. साठाचा काढून शंभराचा लावला, तरी उजेड पडेना, तेव्हा बल्बवर खोटे आकडे छापतात असं निदान झालं. बल्बच्या आधी दाराची चौकट. ती पावसाळ्यात फुगते आणि माणसाच्या खांद्याला लागते, हे शास्त्रच आहे. चौकट भर जानेवारीतही फुगलेली राहिली, तेव्हा मास्तर म्हणाले की हल्ली लाकूडच निकस येतं. एकतीस वर्षं ज्या माणसाने मुलांना कार्यकारणभाव शिकवला, त्याच्याजवळ कारणांची काय ददात.

खरं कारण राहीला ठाऊक होतं. चौदा महिन्यांपूर्वी शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बाकावर बसवलं आणि हिला आत बोलावलं. काचबिंदू आहे, म्हणाले. गेलेली नजर परत येत नसते बाई, उरलेली वाचवता येईल. मिरजेला न्या, पण उशीर करू नका. राही बाहेर आली. मास्तरांनी विचारलं, काय म्हणतो? तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, “नंबर वाढला असणार. मला वाटलंच.” आणि राही म्हणाली, हो.

एवढंच. एक ‘हो’. कुकरची शिटी नीट बसली नाही म्हणून आपण नंतर बघू म्हणतो, तसं ती म्हणाली होती.

आता आळीत अशी गोष्ट लपते थोडीच. सगळ्यांना कळलं होतं, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपण कसं बोलायचं, मास्तर आपले गुरुजी. मग लोक आडून सुचवायचे. फोटो स्टुडिओवाला खंडू, मास्तरांचा जुना विद्यार्थी, म्हणायचा की मिरजेला सतारी फार चांगल्या मिळतात, सर, एकदा जाऊन या. मास्तर म्हणायचे, मी सतारीचं काय करू? मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी आवडाबाई पाटी उतरवता उतरवता सांगायची, मिरजंची गाडी सकाळी सव्वासहाला सुटतं हां. मास्तरांना वाटायचं तिचं कुणी तिकडे राहतं. शाळेचे हेडमास्तर महिपतराव तर मिरजेच्या हवेचं इतकं कौतुक करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, रत्नागिरीत हवाच नाही.

त्या हिवाळ्यात धूमकेतू आला होता. अख्खी आळी आठ दिवस गच्चीवर माना मोडून उभी राहिली आणि कुणालाही काही दिसलं नाही. मास्तरांना मात्र पहिल्याच संध्याकाळी दिसला, शेपटीसकट. लोकांनी मान डोलावली. त्याच रात्री जेवताना मास्तर म्हणाले, “राही, आपण खालून वर खूप बघितलं. एकदा वरून खाली बघू या.”

वरून म्हणजे फुग्यातून. माणूस बसायचा नाही, कॅमेरा बसायचा. मुंबईच्या कुठल्याशा हौशी विज्ञान मंडळाच्या पत्रकात त्यांनी वाचलं होतं (भिंग घेऊन, शाईला शिव्या देत), की मोठा रबरी फुगा हायड्रोजन भरून सोडला तर दहा-दहा मैल वर जातो, तिथे फुटतो, आणि त्याचं सामान हवाई छत्रीने खाली येतं. खाली कॅमेरा बांधायचा, थर्मामीटर बांधायचा. कॅमेऱ्याचा खटका दाबायला गजराचं घड्याळ. गजर वाजला की मागची चावी फिरणार, चावीला दोरी, दोरीला खटका. एकच फोटो निघणार, पण त्यात भाट्याची खाडी, किल्ला, दीपगृह, सगळी रत्नागिरी. एकतीस वर्षं नकाशावर छडी ठेवून जे दाखवलं, ते एकदा खरंखुरं बघायचं.

“बघायचं” हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. राहीला तेव्हाच म्हणता आलं असतं. ती म्हणाली, भात वाढू का?

फुगा पार्सलने आला. हायड्रोजन मात्र पार्सलने येत नाही, तो घरी करावा लागतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम टाकलं की होतो म्हणे. आणि ॲल्युमिनियम कुठे असतं, तर बायकांच्या फळीवर. पहिला बळी राहीच्या भाताच्या टोपाचा गेला. मग चहाचं पातेलं, मग किटली. तेवढ्याने भागेना म्हणून आळीत वर्गणीसारखी टोपं गोळा झाली. आवडाबाईने पोचे आलेली तीन आणून टाकली आणि फुग्यावर माझं नाव घाला म्हणाली. कुणी झाकण दिलं आणि टोप ठेवलं. एक बाई दुसऱ्या दिवशी येऊन आपली परात परत मागायला लागली, तेव्हा मास्तरांनी तिला ड्रमातलं फसफसतं पाणी दाखवलं. बाई परत गेली. पुढे तिने विज्ञानाला कधी माफ केलं नाही.

परवानगीचं एक वेगळंच पुराण. राही सातवी शिकलेली, पण अर्ज लिहिण्यात तिचा हात धरणारा नव्हता. बाकीचं शिक्षण तिने रद्दीच्या पेपरांतून केलं होतं. अर्ज तिने लिहिला, सही मास्तरांची. कचेरीतल्या बाबूसमोर मास्तरांनी झोकात सही केली. ‘गंगाराम’ कागदावर आलं आणि ‘नागवेकर’ टेबलावर. बाबूने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा राहीकडे, आणि काही न बोलता दुसरा कागद पुढे सरकवला. सरकारी माणूससुद्धा बोलला नाही, मग आम्ही काय बोलणार, असं राहीने स्वतःला नंतर पुष्कळदा समजावलं.

फुग्यासाठी छापील नमुना नव्हता. बंदराच्या गावात नमुने असतात ते होड्यांचे. तेव्हा फुग्याचा अर्ज मचव्याच्या फॉर्मवर भरला गेला. तांडेलाचं, म्हणजे होडीच्या कप्तानाचं नाव, खलाशी किती, डिझेल किती. तांडेलाच्या जागी ‘कॅमेरा’ लिहिलं, खलाशी ‘थर्मामीटर १’. उतरणार कुठे, या प्रश्नाला मास्तरांनी वाऱ्याचा अभ्यास करून ‘सावर्डे किंवा आसपास’ असं उत्तर दिलं, तेव्हा साहेब म्हणाले की मग तिकडच्या ठाण्याचं पत्र आणा. तिकडचं ठाणं म्हणालं, आधी पडू द्या. अखेर परवानगी मिळाली ती एका अटीवर, की सदर नौकेने खोल समुद्रात जाऊ नये.

खोका आवडाबाईने आणला, निर्यातीच्या कोळंबीचा, थर्माकोलचा. हलका, मजबूत आणि तीनदा धुऊनही कोळंबीचा. छत्री शिवायला राहीची किरमिजी साडी गेली. गॅस भरायचे दोन दिवस घरात काडी ओढायची नाही, असा हुकूम सुटला. राहीने शेजारच्या घरी चुलीवर भात शिजवला आणि दोन्ही दिवस मास्तरांना ताटात काय कुठे आहे ते सहज बोलल्यासारखं सांगितलं. भात समोर, बांगडा डावीकडे, काटा बघून खा. ‘बघून’ म्हणताना तिची जीभ चावली जायची.

आठ जानेवारीला, उजाडता उजाडता, शाळेमागच्या सड्यावर, उघड्या कातळावर फुगा उभा राहिला. एखाद्या खोलीएवढा, पांढरा, जरासा वाऱ्याने डोलणारा. तीसेक माणसं जमली होती. खाली दोरीला साडीची छत्री, तिच्याखाली खोका, आणि खोक्याभोवती आळीतली चार मांजरं.

आता झाकणाचं. खोक्याच्या तळाला भोक, त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर आलेलं, भिंगावर काळं गोल झाकण. धूळ नको म्हणून ते अगदी शेवटी काढायचं, आणि मीच काढणार, असं मास्तरांनी बजावलेलं. शेजारीच थर्मामीटरच्या नळीचं बूच होतं. तेही काळं, तेही गोल. मास्तर वाकले. चाचपलं. बूच उपटलं, वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि कोटाच्या खिशात टाकलं.

“झाकण काढलं,” ते म्हणाले.

महिपतरावांनी वहीत नोंद केली: झाकण काढले, सात वाजून दहा मिनिटे.

झाकण जागच्या जागी होतं. तीस माणसांनी ते पाहिलं. खंडूने पाहिलं, त्याचाच कॅमेरा तो. पुढे होऊन त्याने हळूच हात घातला, तर मास्तरांनी हातावर चापट मारली, एकदा बसवलेल्याला हात लावायचा नाही. महिपतरावांनी पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. राहीने पाहिलं. झाकण राहिलंय, एवढे दोनच शब्द होते. पण त्या दोन शब्दांच्या पोटात तिसरी गोष्ट होती, आणि ती सोडायला तीस माणसांत एक तोंड नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता, पंगतीत मीठ कमी असलं की बघतात तसं.

तेवढ्यात आवडाबाईने नारळ वाढवला आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, मास्तरांचा ह्यो फुगा वर चाल्लाय, तेला सांभाळ म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“वाटंत कायव आडवं आलं तर बाजूला कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे झाकणाकडे बघत म्हणाले.

फुगा सुटला. खरंच सुरेख गेला तो. कोळंबीच्या वासाने दोन घारी थोडा वेळ त्याच्यामागून गेल्या, मग त्यांनीही नाद सोडला. खालच्या वाऱ्याने तो आधी समुद्राकडे सरकला, पण मास्तर मान वर करून पाहत होते ते पूर्वेला, जिकडे नुसतं आभाळ होतं. “काय चढतोय बघा,” ते म्हणाले. आणि मग, एकेक करून, तीसही माणसांनी समुद्राकडच्या माना वळवल्या आणि मास्तर बघत होते तिकडे बघायला लागली. राहीसुद्धा. रिकाम्या आभाळाकडे इतका वेळ, इतकं मन लावून, ती आयुष्यात कधी बघत राहिली नव्हती.

पाचव्या दिवशी सावर्ड्याजवळच्या एका वाडीतून भागोजी नावाच्या माणसाचं कार्ड आलं. खोक्यावर चिकटवलेल्या पत्त्याचा उपयोग झाला होता. मास्तरांचा वाऱ्याचा हिशेब अगदी बरोबर निघाला, आणि हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात बरोबर निघालेली ती एकच गोष्ट. डोक्यातलं त्यांना लख्ख दिसायचं.

दोघं एसटीने गेली. खोका काजूच्या झाडावर अडकला होता, तो वाडीने उतरवून देवळात नेऊन ठेवला होता, आणि परत द्यायचा की नाही यासाठी देवाला कौल लावला होता. देवाने पहिल्या दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. तोपर्यंत देवळात कोळंबीचा वास भरला होता, असं पुजारी म्हणाला. तरी भागोजी काटेकोर माणूस. खोका तुमचाच कशावरून? मास्तर उंची, दाब, तापमान सांगायला लागले. भागोजीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि साडीची छत्री पुढे केली. ही कुणाची? तेव्हा देवळाच्या पायरीवर, साऱ्या वाडीदेखत, राहीला आपली साडी ओळखावी लागली, पदराजवळचा चिकाचा डाग कुठे, निऱ्यांना केलेली रफू कुठे, सगळं. लग्नातसुद्धा तिला इतक्या माणसांनी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. मास्तर मात्र खोका मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याच्यावरून हात फिरवत होते. झाकणावरूनही त्यांचा हात फिरला. क्षणभर थांबला. मग पुढे गेला.

राहीने ते पाहिलं, आणि स्वतःला सांगितलं की थांबला नसेल.

खंडू दोन दिवसांनी मागच्या दाराने आला. फोटो काळा, म्हणाला. रत्नागिरी नाही, आभाळ नाही, काही नाही, काकी, कोळसा. दोघं विहिरीच्या कठड्याशी उभी होती. खंडू म्हणाला, आता सरांना सांगायचं कसं? राहीचं लक्ष कठड्याच्या चिऱ्याकडे गेलं. जांभा दगड, भोकाभोकांचा, कुठे हिरवं शेवाळ धरलेला, मधून पाण्याचा ओघळ वाकडातिकडा गेलेला. आता ती कुणाला सांगायची नाही, पण कल्पना तिचीच. म्हणाली, ह्याचा काढ. अगदी जवळून.

खंडूने तिच्याकडे पाहिलं. मग कॅमेरा आणला आणि काढला. खरं सांगायचं तर छान आला. शेवाळाची राई झाली, भोकांची तळी झाली, ओघळाची खाडी झाली. माहीत नसतं तर तिलाही वाटलं असतं.

मास्तरांनी तो नाकाशी धरला, लांब धरला, तिरपा धरला. मग म्हणाले, “भाट्याची खाडी काय सुंदर वळलीय.” फोटो उलटा होता. अर्थात चिऱ्याला उलट काय, सुलट काय. राही स्वयंपाकघरात गेली आणि उगाच धुतलेली भांडी धुवायला लागली.

तिला वाटलं होतं, आठ दिवस उशाशी ठेवतील आणि विसरतील. पण आळीने तो फोटो डोक्यावर घेतला. येणारा प्रत्येकजण बघायचा आणि आपापलं घर शोधून काढायचा. आवडाबाईला मिरकरवाड्याचा धक्का दिसला, आपल्या दिराची होडीसुद्धा. टोप दिलेल्या बायकांनी आपापल्या टोपांचं सार्थक झालं असं जाहीर केलं. परातवाली तेवढी आली नाही. महिपतरावांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेत फोटोचं अनावरण करायचं, मास्तरांचं भाषण ठेवायचं, शाल द्यायची. खंडूला मोठी प्रत करायला सांगितली, दोन हात रुंद, काचेच्या चौकटीत. राही प्रत्येक वेळी म्हणायची, कशाला एवढं, आणि लोकांना वाटायचं, बाई विनयी आहे.

पंचवीस तारखेला दुपारी ही सगळी मंडळी चौकट घेऊन घरी आली. महिपतराव म्हणाले, भाषणाची रंगीत तालीम करू, सर. चौकट ओटीवरच्या भिंतीला, खुंट्यांच्या फळीवर टेकून उभी केली. आवडाबाई पाटी बाजूला ठेवून उंबऱ्यात बसली. राही चहाचे कप घेऊन आली आणि दाराशीच थांबली.

मास्तरांनी कोट चढवला. जुनी छडी हातात घेतली. भिंतीपाशी गेले, आणि वर्गात जायचे तसे घसा साफ करून सुरू झाले. सांगायचे फार छान ते. आवाजातच रत्नागिरी उभी राहत होती. कोकण म्हणजे काय, सह्याद्री कुठून उतरतो, खाड्या कशा आत शिरतात. महिपतरावांचे डोळे भरून आले, खरेच.

“आणि ही,” मास्तरांनी छडी उचलली, “ही भाट्याची खाडी.”

छडीचं टोक टेकलं ते चौकटीपासून हातभर लांब, कोऱ्या भिंतीवर. चुन्याचा एक पापुद्रा निघून खाली पडला.

मग खंडू पुढे झाला, श्वास रोखून, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि हळूहळू, बाळ निजलेला पाळणा सरकवावा तशी, फळीवरून छडीच्या टोकाखाली आणली. खाडी बरोबर टोकाखाली बसली. आवडाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. महिपतराव म्हणाले, वा. राहीला वाटलं, आता हे असंच चालायचं. उद्या शाळेत दोन शिपाई उभे करतील चौकट धरायला. मग परवा. उरलेली नजर अशीच संपून जाईल, आमच्या सगळ्यांच्या प्रेमाने.

“आणि इथे दीपगृह,” मास्तर म्हणाले, आणि छडी पुन्हा डावीकडे, भिंतीवर.

खंडूने चौकट पुन्हा सरकवली. या वेळी लाकूड फळीवर करकरलं.

मास्तर थांबले. छडी तिथेच राहिली. त्यांनी मान किंचित तिरकी केली, जशी ते वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकायला करत.

“खंडू,” ते म्हणाले, “फोटो हलवलास का?”

खंडूने महिपतरावांकडे पाहिलं. महिपतरावांनी चष्मा काढला. आवडाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं. कपातला चहा राहीच्या हातावर सांडला होता आणि चटका बसत होता. तिने कप खाली ठेवले, एकेक करून, चारही. मग ती मास्तरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“हलवला त्याने,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसत नाही, म्हणून हलवला.”